मॅच, मैफल आणि किसिंजरची पोटदुखी

रॉक ऐकणाऱ्या माणसाला मतं फार. कुठला ड्रमर थोर, कुठल्या बँडनं कुठल्या सालीच गाशा गुंडाळायला हवा होता, इथून सुरुवात होते आणि रात्री अकराच्या पुढे गाडी हमखास क्रिकेट, सिनेमा आणि अमेरिकेवर येते. आमच्या कट्ट्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर बोलायची पात्रता कुणाचीच नाही. एक जण विमा एजंट, एक केमिस्ट, मी बँकेतून रिटायर. पण पात्रता असलेल्यांनी काय दिवे लावले ते वाचल्यापासून आम्ही लाजणं सोडून दिलंय.

परवा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही लोक सगळ्यात राजकारण आणता. मॅच मॅच म्हणून बघ ना. गाणं गाणं म्हणून ऐक." त्याचा वैताग मला समजतो. दिवसभर कामावर डोकं शिणवून घरी येऊन मॅच लावावी, तर तिथेही झेंडे आणि घोषणा. २०२५च्या आशिया कपात दुबईला भारत-पाकिस्तान सामना झाला, तेव्हा खेळाडूंनी हात मिळवले नाहीत यावर जेवढी तोंडं वाजली त्याच्या निम्मीही कुलदीपच्या बोलिंगवर वाजली नाहीत. पण राजकारण आम्ही आणत नाही रे बाबा. आम्ही पोहोचतो तेव्हा ते आधीच पुढची रांग अडवून बसलेलं असतं. हे पटवायला मी त्याला १९७१ साल सांगायला घेतलं. दुसऱ्या वाक्याला त्यानं खिशातून फोन काढला. म्हणून आता इथे लिहितोय.

तर, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. नावाला गार्डन, झाडाचं पान नाही. खाली रेल्वे स्टेशन आणि वर गोल बंदिस्त स्टेडियम, असा प्रकार आहे. ८ मार्च १९७१ला तिथे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर समोरासमोर आले. दोघंही तोवर एकही लढत न हरलेले, दोघांनाही पंचवीस-पंचवीस लाख डॉलर ठरलेले. त्या काळात ही रक्कम ऐकून माणसं खुर्चीवरून पडायची.

१९६७ साली व्हिएतनामच्या लढाईसाठी सैन्यात भरती व्हायला अलीनं नकार दिला होता. त्यापायी त्याचा जागतिक किताब गेला, लायसन्स गेलं, कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. अपील चालू असल्यामुळे तो तुरुंगाबाहेर होता, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगच्याही बाहेर. त्यामुळे त्या रात्री अमेरिकेत कुणी नुसतं बॉक्सिंग बघत नव्हतं. ज्यांना व्हिएतनामचं युद्ध नको होतं ते अलीच्या बाजूचे आणि ज्यांना हवं होतं ते फ्रेझरच्या. बिचाऱ्या फ्रेझरला यातलं काहीही नको होतं. उलट अलीला परत खेळू द्यावं म्हणून त्यानं शब्द टाकला होता, अडचणीत पैसेही दिले होते. आणि अलीनं त्यालाच गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून हिणवलं. मी अलीचा भक्त आहे, पण हे मला आजही पचत नाही.

रिंगलगतची जागा मिळावी म्हणून फ्रँक सिनात्रा चक्क 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर होऊन कॅमेरा घेऊन बसला होता. पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक अलीच्या जबड्यावर बसला आणि अली आडवा. उठला, पण लढत फ्रेझरनं जिंकली. आणि सगळा देश या लढतीकडे कान लावून बसणार हे हेरून पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी मंडळींनी त्याच रात्री एफबीआयचं ऑफिस फोडलं. हाताला लागतील त्या सगळ्या फायली उचलल्या आणि कागद वर्तमानपत्रांना पोस्टानं धाडले. सरकार आपल्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवतं ते त्यातून बाहेर आलं. बॉक्सिंगच्या आडोशानं एवढं मोठं पुण्यकर्म दुसरं झालं नसेल.

त्याच दिवसांत पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांचा संघ दुसरी कसोटी खेळत होता. आमच्या घरी अली-फ्रेझरचं नाव कुणी काढलं नसणार. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक, गावसकर नावाच्या पोराचं पदार्पण आणि १० मार्चला वेस्ट इंडिजवर भारताचा पहिलावहिला कसोटी विजय. आम्हाला तेवढं जग पुरेसं होतं.

पुढे जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अलीची शिक्षा ८-० अशी रद्द केली. पण त्याआधी एप्रिल आला, आणि त्या एप्रिलचा पहिला आठवडा मला सगळ्यात विलक्षण वाटतो.

जपानात नागोयाला टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा चालू होती. अमेरिकेचा एकोणीस वर्षांचा खेळाडू ग्लेन कोवान, लांब केसांचा कॅलिफोर्नियातला हिप्पी, सरावानंतर चुकून चिनी संघाच्या बसमध्ये चढला. चीन आणि अमेरिका वीसेक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. बसमध्ये सगळे गप्प. शेवटी मागच्या सीटवरून तीन वेळा जगज्जेता झालेला चुआंग त्सेतुंग उठला, दुभाष्या बरोबर घेऊन पुढे आला आणि त्यानं कोवानला हुआंगशान पर्वताचं चित्र असलेलं रेशमी कापड भेट दिलं. परतभेट द्यायला कोवाननं पिशवी चाचपली तर हाताला लागला कंगवा. जगज्जेत्याला कंगवा कसा द्यायचा? मग नंतर त्यानं एक टी-शर्ट पैदा करून चुआंगला दिला. त्यावर शांततेचं ते गोल चिन्ह होतं आणि खाली लिहिलं होतं, 'लेट इट बी'. म्हणजे बीटल्सचं गाणं! अमेरिका आणि चीन यांच्यातला बर्फ फोडायला पहिला हात बीटल्सच्या टी-शर्टनं लावला, हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलंय त्यानं ते मीच रचलंय असं समजून मान हलवली आहे. पण तसंच झालं. चीननं अमेरिकन संघाला आमंत्रण दिलं आणि १० एप्रिलला टेबल टेनिसचे खेळाडू हाँगकाँगकडून पूल ओलांडून चीनमध्ये शिरले.

आणि त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. २५ मार्चच्या रात्रीपासून पाकिस्तानी सैन्यानं पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जी कत्तल चालवली होती ती तिथले अमेरिकन अधिकारी डोळ्यांनी बघत होते. वीस जणांच्या सह्या होत्या. आपलं सरकार यावर तोंड उघडत नाही, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असं नोकरीतल्या माणसांनी आपल्याच वरिष्ठांना लिहून कळवलं. वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांनी ती तार आपल्या नावानं पुढे पाठवली आणि त्याबद्दल त्यांची ढाक्यातून उचलबांगडी झाली. एप्रिलअखेर अमेरिकेचा अध्यक्ष निक्सननं पाकिस्तानबद्दलच्या एका टिपणावर स्वतःच्या हातानं शेरा मारला, की सर्वांना कळावे, सध्या याह्याला दाबू नका. याह्या म्हणजे पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान.

का दाबू नका? ते जुलैत कळलं. निक्सनचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीला आले, इंदिरा गांधींना भेटले, तिथून पाकिस्तानात गेले आणि तिथे त्यांचं पोट बिघडलं. निदान पत्रकारांना तसं सांगण्यात आलं. साहेब नथियागलीच्या थंड हवेत विश्रांती घेताहेत, अशी बातमी. दिल्लीहून आलेल्या गोऱ्या पाहुण्याचं पोट बिघडलं म्हटल्यावर शंका तरी कुणाला येणार? प्रत्यक्षात ९ जुलैला पहाटे साहेब पाकिस्तानच्या विमानात बसून पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पोहोचलेसुद्धा. तिथे चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी बोलणी झाली आणि १५ जुलैला निक्सननं टीव्हीवर येऊन जाहीर केलं की मी चीनला जाणार. सगळं जग थक्क. मधला दलाल होता याह्या खान. त्याला दुखवायचं नव्हतं, म्हणून ढाक्याकडे बघायचं नव्हतं.

आमचा केमिस्ट इथे नेहमी किसिंजरची बाजू घेतो. तो म्हणतो, चीनचं दार उघडणं ही विसाव्या शतकातली केवढी मोठी चाल, तिच्यापुढे बाकीचं किरकोळ. चाल मोठी होती, हे मी नाकारत नाही. पण रोमानियाच्या मार्फतही निरोपांची देवाणघेवाण चालू होती. आणि पाकिस्तानच हवा होता, तर १५ जुलैला गुपित फुटल्यावर याह्याची गरज संपली होती. त्यानंतरचे पाच महिने तोंडाला कुलूप कशासाठी? केमिस्टकडे याचं उत्तर नाही. तो अशा वेळी चहा मागवतो.

आता १ ऑगस्ट. पुन्हा तेच मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जिथे मार्चमध्ये अली पडला होता.

रविशंकरांचं मूळ घराणं पूर्व बंगालातलं. सरोदवाले अली अकबर खाँ, त्यांचा तर जन्मच तिकडच्या कुमिल्ल्याचा. निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते, वर्षअखेरीस हा आकडा एक कोटीच्या घरात गेला. रविशंकरांचा विचार साधा होता, एखादा कार्यक्रम करावा, पंचवीसेक हजार डॉलर जमले तर पाठवावेत. त्यांनी बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला विचारलं आणि हॅरिसननं थेट गार्डनच बुक केलं. पत्रकार परिषदेत त्याला कुणीतरी विचारलं, जगात एवढे प्रश्न असताना नेमका हाच का निवडलास? तो म्हणाला, मित्रानं मदत मागितली म्हणून. बस्स. धोरण नाही, सिद्धांत नाही. मला हे उत्तर फार आवडतं. रॉकवाल्यांनी भूराजकारणावर भाषणं ठोकायला घेतली की माझा हात आवाज कमी करायला जातो. त्यातल्या बहुतेकांना कळत काहीच नसतं आणि सूर मात्र संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसाचा. हॅरिसननं तो आव आणला नाही.

एका दिवसात दोन शो, दुपारी आणि रात्री, मिळून चाळीस हजार लोक. हॅरिसननं गाण्यांचा क्रम कागदावर लिहून गिटारला चिकटवला होता आणि त्यात गायक बॉब डिलनच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. डिलन कितीतरी दिवसांत असा कार्यक्रम करत नव्हता, आदल्या दिवशीसुद्धा त्याचं येणं नक्की नव्हतं. गिटारवाला एरिक क्लॅप्टन हेरॉइनच्या पायी जेमतेम उभा राहण्याच्या अवस्थेत. बीटल्सपैकी रिंगो आला. लेननचं जमता जमता फिसकटलं, मॅकार्टनी आलाच नाही.

या कार्यक्रमाचा तीन तबकड्यांचा केशरी खोका मी पहिल्यांदा पाहिला तो मोठ्या भावाच्या मित्राकडे. कव्हरवर उघडंवाघडं, बरगड्या दिसणारं पोर आणि पुढ्यात ताटली. नातेवाइकांपैकी कुणीतरी अमेरिकेतून आणलेला, मित्राच्या आईनं त्याला प्लॅस्टिक शिवून दिलं होतं. तबकड्या उजेडात तिरक्या धरल्या की कळायचं, पाच बाजू वाजवून वाजवून करड्या झालेल्या आणि पहिली बाजू काळीभोर, चकचकीत. कारण पहिल्या बाजूवर रविशंकर. येणारा प्रत्येक रॉकवाला ती टाळून पुढे जायचा. माझ्या आजोळी रेडिओवर शास्त्रीय संगीत चालायचं, त्यामुळे मी हट्टानं पहिली बाजू लावायला सांगितली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली.

त्या बाजूला काय आहे बघा. हॅरिसन ओळख करून देतो. रविशंकर प्रेक्षकांना जरा धीर धरायला सांगतात, वाजवणं चालू असताना कृपा करून सिगारेट ओढू नका म्हणतात. मग सतार आणि सरोद जुळवायला घेतात. अल्लारखाँचा तबला बरोबर, कमला चक्रवर्तींचा तानपुरा. मिनिट-दीड मिनिट तारा पिळणं, एखादी झटकन छेडणं, थांबणं. ते थांबतात आणि गार्डनभर टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, एक गाणं संपलं. रविशंकर शांतपणे आभार मानून म्हणतात की नुसतं जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. आम्ही पोटं धरून हसलो. सवाई गंधर्वला वाद्यं जुळवली जात असताना लोक बटाटेवडा संपवतात, टाळी देत नाहीत. पण आता मला त्या टाळ्यांचं हसू येत नाही तितकंसं. कळत काही नव्हतं, तरी त्यांनी शांत बसून ऐकलं होतं. डिलनसाठी तिकीट काढलेल्या माणसांनी.

पैशाचं मात्र त्रांगडं झालं. गेटवर जमलेले सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफला लगेच गेले. अल्बम आणि सिनेमाचे जे मोठे पैसे आले ते अमेरिकेच्या टॅक्स खात्यात अडकले, कारण कार्यक्रम युनिसेफसाठी आहे अशी आधी रीतसर नोंदच केली नव्हती. वर्षानुवर्षं पैसा पडून. बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून कळवळायला होतं. अरे, एक फॉर्म! एवढी नामी टाळकी जमवलीत, एक कारकून जमवायचा होतात.

न्यूयॉर्कहून आता लंडन. २४ ऑगस्टला ओव्हलवर भारतानं इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हरवलं. चंद्रशेखरनं ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१मध्ये गुंडाळलं, दिवस गणेश चतुर्थीचा, आणि मैदानात खरीखुरी हत्तीण आणली होती, चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. याच ओव्हलवर महिन्याच्या आत काय झालं ते मात्र क्रिकेटवाल्यांच्या गप्पांत कधी येत नाही. १८ सप्टेंबरला तिथे 'द हू' आणि 'फेसेस' या इंग्रज रॉक बँडांचा जंगी कार्यक्रम झाला. कशासाठी? बांगलादेशच्या मदतीसाठी. तीसेक हजार तरुण त्याच हिरवळीवर. 'द हू'चा ड्रमर कीथ मून क्रिकेटची बॅट घेऊन आला आणि तिनं ड्रम बडवायला लागला! अबिद अलीनं जिथे विजयी चौकार मारला तिथे पंचवीस दिवसांनी हा वेडा बॅटीनं ड्रम वाजवतोय. मला टाइम मशीन मिळालं तर मी ओव्हलचा दोन्हीचा पास काढीन.

आता कुणी म्हणेल, रॉकवाले म्हणजे शांततेचे दूतच जणू. तसं काही नाही. १९८९च्या डिसेंबरात अमेरिकेनं पनामावर हल्ला केला, तेव्हा हुकूमशहा नोरिएगा व्हॅटिकनच्या वकिलातीत लपला. अमेरिकन सैन्यानं बाहेर लाउडस्पीकर लावून रात्रंदिवस रॉक वाजवलं. गाण्यांच्या फर्माइशी सैनिक रेडिओला कळवायचे. ऑपेराप्रेमी नोरिएगाला छळायला आमचं संगीत! व्हॅटिकननं तक्रार केल्यावर ते बंद झालं, आणि ३ जानेवारी १९९०ला नोरिएगा बाहेर आला. पुढे इराक आणि ग्वांतानामोच्या कोठड्यांत कैद्यांना झोपू न देण्यासाठी हेच केलं गेलं. गाण्याला कुणाच्या हातात पडावं हे ठरवता येत नाही. गिटारवाल्या टॉम मोरेलोसारख्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेवढंच बरं.

परत एकाहत्तर. डिसेंबरात युद्ध पेटलं. ढाका पडायच्या बेतात असताना निक्सननं 'एंटरप्राइज' ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली आणि नौका हात हलवत परतली. न्यूयॉर्कचे चाळीस हजार प्रेक्षक, सहा बाजूंचा अल्बम, कशाचाही निक्सनवर काडीचा परिणाम झाला नव्हता. गाण्यांनी धोरण बदलतं असं म्हणणाऱ्याला मी हे तोंडावर सांगतो. फरक पडला तो एवढाच, की वॉशिंग्टन पूर्व पाकिस्तान म्हणत असताना ओहायो-टेक्सासमधल्या कॉलेजच्या पोरापोरींना बांगलादेश नावाचा देश माहीत झाला होता. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली ती थेट ४ एप्रिल १९७२ला.

आणि युद्ध चालू असताना ऑस्ट्रेलियात काय चाललं होतं? वर्णद्वेषाविरुद्धच्या निदर्शनांमुळे दक्षिण आफ्रिकेचा दौरा रद्द झाला होता, म्हणून सोबर्सच्या नेतृत्वाखाली विश्व संघ खेळत होता. संघात गावसकर, बेदी, इंजिनियर. आणि झहीर अब्बास, इंतिखाब आलम, असिफ मसूद. घरी एकमेकांच्या शहरांवर विमानं घिरट्या घालताहेत आणि हे एकाच ड्रेसिंग रूममध्ये पॅड बांधताहेत. पर्थला डेनिस लिलीनं २९ धावांत ८ बळी घेऊन सगळ्यांना ५९मध्ये उडवलं, त्यात भारत-पाकिस्तान असा भेदभाव केला नाही. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं फोन खाली ठेवला आणि विचारलं, "मग ते हात मिळवायचे का रे, मामा?" म्हटलं, एकाच टेबलावर जेवायचे, हात कसला मिळवतोस.

केमिस्टशी मात्र माझं अजून मिटलेलं नाही. १९७३च्या मार्चमध्ये त्या केशरी खोक्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम म्हणून ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी किसिंजरना शांततेचं नोबेल. ज्यांच्याबरोबर विभागून मिळालं त्या व्हिएतनामच्या ले डुक थो यांनी ते घेतलं नाही. एरवी ग्रॅमीच्या परीक्षकांचं आणि माझं कधी पटत नाही, पण त्या वर्षी दोन्हींतले जास्त शहाणे तेच निघाले.